तेरावी गोळी

8 जानेवारी 2011, शनिवारची सकाळ. अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसान शहरात एका सुपरमार्केटच्या दारात टेबल मांडून खासदार गॅबी गिफर्ड्स मतदारांना भेटत होत्या. आपल्याकडे आमदार कार्यालयाबाहेर खुर्ची टाकून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, तसाच साधा कार्यक्रम. रांगेत निवृत्त माणसं होती, नवरा-बायकोच्या जोड्या होत्या. राजकारणाची आवड असलेली नऊ वर्षांची एक मुलगी शेजारणीबरोबर आली होती. दहा वाजून गेल्यावर एक तरुण पुढे आला आणि त्याने गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी घातली. मग समोर दिसेल त्याच्यावर तो गोळ्या झाडत सुटला.

त्याच्या हातात ग्लॉक 19 पिस्तूल होतं. या पिस्तुलाबरोबर एरवी 15 गोळ्यांचं मॅगझिन येतं. त्याने 33 गोळ्यांचं लांब मॅगझिन लावलं होतं, आणि ते रिकामं होईपर्यंत त्याला कुणीही अडवू शकलं नाही. सहा जण मेले, तेरा जखमी झाले. मॅगझिन संपलं तेव्हा त्याने दुसरं बाहेर काढलं, आणि तेवढ्या वेळात चित्र पालटलं. कुणीतरी त्याला घडीची खुर्ची फेकून मारली. डोक्याला गोळी चाटून गेलेले 74 वर्षांचे एक निवृत्त कर्नल आणि आणखी एक गृहस्थ त्याच्यावर तुटून पडले. जमिनीवर पडलेल्या 61 वर्षांच्या एका बाईने ते भरलेलं मॅगझिन त्याच्या हाती लागू दिलं नाही.

गिफर्ड्स वाचल्या. दोन वर्षांनी, 30 जानेवारी 2013 रोजी, त्यांचे पती मार्क केली सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे साक्षीला बसले. केली अंतराळवीर, आकडेमोडीत मुरलेले. त्यांनी समितीला सरळ हिशोब सांगितला: पहिली गोळी गॅबीला लागली, तेरावी त्या नऊ वर्षांच्या मुलीला. मॅगझिन दहा गोळ्यांचं असतं, तर ती मुलगी बहुधा आज जिवंत असती.

या प्रकरणाचा विषय आहे तो हा हिशोब. एका मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावाव्यात, हे कायद्याने ठरवावं का? आणि देशाची संसद ठरवत नसेल, तर एकेका राज्याने ठरवून काही उपयोग होतो का? माझं उत्तर होय असं आहे. पण त्याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही दमदार आहे, तोही पुढे येईल.

मॅगझिन हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचं एक भावंड मराठीत कधीचंच राहायला आलं आहे. अरबीत साठवण्याच्या अर्थाचा एक धातू आहे. त्यातून कोठार या अर्थाचा ‘मखझन’ निघाला आणि त्यातूनच आपला ‘खजिना’ही. मखझन युरोपात गेला, तिथे त्याचा मॅगझिन झाला. आधी दारूगोळ्याचं कोठार, मग लेखांचं कोठार म्हणून मासिक, आणि बंदुकीच्या बाबतीत गोळ्यांचा डबा. हा डबा असतो पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा. तळाशी स्प्रिंग, तिच्यावर एक छोटी पट्टी, पट्टीवर एकावर एक रचलेल्या गोळ्या. चाप ओढला की गोळी सुटते, तिच्याच धक्क्याने रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि स्प्रिंग पुढची गोळी वर ढकलते. दर वेळी चाप ओढावा लागतो, बाकी सगळं बंदूक आपलं आपण करते. म्हणून ही अर्धस्वयंचलित बंदूक. डबा रिकामा झाला की तो काढून दुसरा बसवायचा. सराव असलेला माणूस हे दोन ते चार सेकंदांत करतो. गोंधळलेल्याला, हात थरथरणाऱ्याला जास्त वेळ लागतो.

मॅगझिनवरच्या मर्यादेचा सगळा वाद या दोन-चार सेकंदांवर उभा आहे. मर्यादा घातल्याने बंदूक कुणाच्या हातून जात नाही, गोळ्यांची विक्री थांबत नाही, दहा डबे खिशात घालून कुणी निघाला तर त्यालाही आडकाठी होत नाही. ठरावीक गोळ्यांनंतर मारणाऱ्याला थांबावं लागतं, एवढंच ती करते. त्या थांबण्यात समोरचा माणूस पळू शकतो, दार लावू शकतो, किंवा टूसानमधल्यासारखा अंगावर झेपावू शकतो.

अमेरिकेत असल्या मर्यादेचा विचार नवा नाही. मिशिगनने 1927 मध्ये पुन्हा न भरता 16 पेक्षा जास्त गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली होती. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडने ही रेषा 12 वर ओढली. तो काळ दारूबंदीचा आणि शिकागोच्या टोळ्यांचा. पुढे हे कायदे सैल झाले आणि विषय मागे पडला. तो पुन्हा वर आला 17 जानेवारी 1989 रोजी, कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावात. प्राथमिक शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत एका माणसाने रायफलीतून शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या. पाच मुलं गेली. युद्धातून जीव वाचवून अमेरिकेत आलेल्या कंबोडियन आणि व्हिएतनामी कुटुंबांतली ती मुलं होती. त्या रायफलीला 75 गोळ्यांचं गोल, डब्यासारखं मॅगझिन लावलेलं होतं.

त्यानंतर अडीच महिन्यांत एक सूचना आली, ती चक्क बंदूक बनवणाऱ्याकडून. बिल रुगर हे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बंदूक कारखान्यांपैकी एकाचे संस्थापक. बंदुकांवर बंदी घालण्यापेक्षा 15 हून जास्त गोळ्यांच्या मॅगझिनांवर घाला, असं पत्र त्यांनी संसद सदस्यांना लिहिलं. यात धंद्याचा हिशोब नव्हता असं नाही, बंदुका वाचवण्यासाठी ते डबे द्यायला तयार झाले. पण ज्याने आयुष्यभर हे यंत्र घडवलं, त्याला धोका नेमका कुठल्या भागात आहे ते ठाऊक होतं, आणि मला ही साक्ष फार मोलाची वाटते. बंदूकप्रेमी मंडळींनी रुगर यांना यासाठी कधी माफ केलं नाही.

1990 मध्ये न्यू जर्सीने 15 गोळ्यांची मर्यादा घातली. 1993 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड रेल्वेच्या संध्याकाळच्या लोकलमध्ये एकाने 15 गोळ्यांची दोन मॅगझिनं रिकामी केली. सहा प्रवासी मेले. तिसरं भरायला गेला तेव्हा प्रवाशांनी त्याला दाबून धरलं. त्या डब्यात नवरा गमावलेल्या आणि मुलगा गंभीर जखमी झालेल्या कॅरोलिन मॅकार्थी पेशाने परिचारिका होत्या. 1996 मध्ये त्या संसदेवर निवडून गेल्या आणि मोठ्या मॅगझिनांविरुद्धची विधेयकं पुढे वर्षानुवर्षं मांडत राहिल्या.

त्याआधी, 13 सप्टेंबर 1994 रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने देशव्यापी कायदा आला: 10 पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं सामान्य नागरिकांसाठी बनवायची नाहीत. त्याला दोन भोकं होती. पहिलं, जुन्या मालाला अभय दिलेलं होतं. अमेरिकेत कोट्यवधी मॅगझिनं आधीच पडून होती, शिवाय 1995 ते 2000 या काळात कायद्याआधी बनलेली आणखी सुमारे 47 लाख मॅगझिनं बाहेरून आयात झाली, तीही कायदेशीरपणे. दुसरं भोक म्हणजे कायद्याला दहा वर्षांची मुदत होती. 13 सप्टेंबर 2004 रोजी ती संपली आणि संसदेने ती वाढवली नाही. न्याय खात्यासाठी या कायद्याचा अभ्यास करणारे ख्रिस्तोफर कोपर यांनी त्याच वर्षी लिहिलं की बंदुकीच्या हिंसेवर कायद्याचा परिणाम असलाच तर फार लहान, कदाचित खात्रीने मोजता येणार नाही इतका. विरोधक हे वाक्य आजही पुढे करतात. ते वाक्य खरंच आहे. पण कोठार भरलेलं ठेवून फक्त दाराला कुलूप लावलं, तर माल संपायला काळ जातो, आणि मोजणी माल संपायच्या आत झाली.

पुढचा धक्का 14 डिसेंबर 2012 चा. कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत 20 लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. पाच मिनिटांच्या आत रायफलीतून 154 गोळ्या सुटल्या होत्या, मॅगझिनं 30 गोळ्यांची होती. एका वर्गात गोळीबार मध्येच थांबला, मॅगझिन बदलताना किंवा बंदूक अडकल्यामुळे, आणि त्या खंडात काही मुलं दारातून पळाली. ती वाचली. त्यांच्या आईबापांनी आणि ज्यांची वाचली नाहीत त्या आईबापांनी मिळून राज्याच्या राजधानीत जाऊन दहाची मर्यादा मागितली, आणि एप्रिल 2013 मध्ये कनेक्टिकटने ती घातली. न्यूयॉर्कने जानेवारीतच कायदा केला होता. डब्यात दहा मावल्या तरी भरायच्या सातच, असं त्यात म्हटलं होतं. हा सातचा आकडा न्यायालयात टिकला नाही, दहाचा टिकला.

किंमत मोजावी लागली ती कोलोरॅडोत. हे पश्चिमेचं राज्य, शिकारीचं, मोकळ्या माळांचं. कोलंबाइन शाळेतलं आणि ऑरोराच्या चित्रपटगृहातलं हत्याकांड याच राज्यात घडलेलं. ऑरोरात मारेकऱ्याकडे 100 गोळ्यांचं मॅगझिन होतं, ते मध्येच अडकलं म्हणून बळींचा आकडा 12 वर थांबला. मार्च 2013 मध्ये गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी 15 गोळ्यांच्या मर्यादेवर सही केली. मॅगझिनं बनवणारी मॅगपुल ही मोठी कंपनी याच राज्यातली. तिने गाशा गुंडाळून वायोमिंग आणि टेक्सास गाठलं. जिल्ह्यांचे पोलीस प्रमुख असलेल्या बहुसंख्य शेरीफांनी कायद्याविरुद्ध दावा लावला. सप्टेंबरात राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि सिनेटर अँजेला हिरॉन यांना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं. कोलोरॅडोच्या इतिहासात विधिमंडळ सदस्यावर अशी पाळी पहिल्यांदाच आली. मोर्स स्वतः पूर्वी पोलीस अधिकारी होते. पद गेलं तरी कायदा राहिला, आणि 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

कायदा राहिला म्हणजे सगळं साधलं असं मात्र नाही. 22 मार्च 2021 रोजी त्याच राज्यात, बोल्डरच्या एका किराणा दुकानात, दहा माणसं मारली गेली, आणि मारेकऱ्याकडे बेकायदा मोठी मॅगझिनं होती. कॅलिफोर्नियाचा अनुभवही तसाच. तिथे 2000 पासून दहाहून मोठं मॅगझिन विकता येत नाही. तरी जुलै 2019 मध्ये गिलरॉयच्या लसूण महोत्सवात एकजण 75 गोळ्यांचं मॅगझिन घेऊन घुसला. रायफल त्याने शेजारच्या नेव्हाडात, तिथल्या कायद्यानुसार, विकत घेतली होती. अमेरिकेत दोन राज्यांच्या सीमेवर जकात नाका नसतो. गाडीत डबे टाकून माणूस दोन तासांत एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जातो. राज्याच्या मर्यादेचा हा खरा दुबळेपणा आहे.

आणखी एक प्रकरण मला टाळता येत नाही, कारण त्यातली एक जण आपल्या घरची होती. 16 एप्रिल 2007 रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 32 जण मारले गेले. त्यांत वास्तुशास्त्र शिकायला गेलेली मुंबईची एक विद्यार्थिनी होती आणि मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते. मारेकऱ्याची मॅगझिनं दहा आणि पंधरा गोळ्यांची होती, पण त्याने ती ढिगाने आणली होती. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने अहवालात म्हटलं की दहाची मर्यादा असती तरी या घटनेत फार फरक पडला नसता. खोल्या बंद, समोरचे कोंडलेले, मारणारा निवांत. अशा ठिकाणी दोन-चार सेकंदांचा खंड वाया जातो. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक गॅरी क्लेक हेच सांगत आले आहेत: बहुतेक मारेकरी इतक्या सावकाश गोळ्या झाडतात की डबा बदलण्याने त्यांच्या वेगात फरक पडत नाही.

यासमोर दुसरा पुरावा ठेवतो. 2019 मध्ये लुईस क्लारेव्हास, अँड्र्यू कॉनर आणि डेव्हिड हेमेनवे यांनी 1990 ते 2017 या काळातली 69 मोठी हत्याकांडं तपासली, प्रत्येकात किमान सहा बळी. ज्यांत मोठी मॅगझिनं वापरली गेली त्यांत सरासरी बळी 62 टक्क्यांनी जास्त होते. मर्यादा असलेल्या राज्यांच्या मानाने नसलेल्या राज्यांत अशा घटनांचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. यावरून कायद्यानेच हे घडवलं असं सिद्ध होत नाही. जास्त मारायचं ठरवून निघालेला माणूस मोठा डबा घेणारच, हा आक्षेप रास्त आहे. पण 4 ऑगस्ट 2019 ची डेटनची घटना पाहा. ओहायोतल्या या शहरात एका बारबाहेर 100 गोळ्यांचं मॅगझिन लावलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात 41 गोळ्या झाडल्या. नऊ माणसं गेली. पोलीस तिथेच होते आणि त्यांनी त्याला त्या अर्ध्या मिनिटात टिपलं. पोलिसांनी याहून चपळ असावं अशी अपेक्षा कुणी करू शकत नाही. तिथे दर दहा गोळ्यांनंतर थांबावं लागलं असतं, तर त्या नऊ जणांपैकी किती वाचले असते? मोकळी जागा, धावणारे लोक, हाकेच्या अंतरावर पोलीस. खंडाचा उपयोग होतो तो अशाच जागी.

स्वसंरक्षणाचा मुद्दा विरोधकांच्या मनात सर्वांत वर असतो. रात्री घरात तिघे घुसले, घाबरलेल्या बाईचे नेम चुकले, अकरावी गोळी लागली तर? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. एकट्याने राहणाऱ्या माणसाला पोलीस यायला पाऊण तास लागतो अशी खेडी तिकडे पुष्कळ आहेत. पण बंदूकधारकांची सर्वांत मोठी संघटना एनआरए नागरिकांनी स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरल्याच्या बातम्या जमवते. न्यायालयीन खटल्यांत त्या संघटनेच्याच संग्रहातल्या घटना मोजल्या गेल्या, तेव्हा झाडलेल्या गोळ्यांची सरासरी दोनच्या जरा वर भरली. दहापेक्षा जास्त गोळ्या लागल्याच्या घटना शेकड्यांत एकही पुरती नव्हती.

मग दहाच का? काही राज्यांनी 15 म्हटलं, डेलावेअरने 17. व्हरमाँटने 2018 मध्ये, रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांच्या सहीने, रायफलीसाठी 10 आणि पिस्तुलासाठी 15 अशी रेघ ओढली. इलिनॉयनेही पुढे तेच आकडे घेतले. यातल्या कुठल्याच आकड्यामागे शास्त्र नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटरच्या पाटीमागेही नाही. 99 वर माणूस वाचतो आणि 101 वर मरतो असं कुणी म्हणत नाही, तरी पाटी लागते, कारण रेघ कुठेतरी ओढावीच लागते. अमेरिकेत तर पक्ष्यांसाठी ही रेघ 1935 पासून ओढलेली आहे. बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला जाताना बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, असा संघीय नियम आहे. शिकारी काडतुसांच्या नळीत लाकडी खुंटी बसवून तो पाळतात आणि त्यांना त्यात आपल्या हक्कांवर घाला आला असं वाटत नाही.

हक्काचा प्रश्न न्यायालयात मात्र अवघड झाला आहे. भारतात शस्त्र परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे. अमेरिकेत 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याला हक्क म्हणते, आणि 2008 च्या हेलर निकालाने तो व्यक्तीचा हक्क ठरवला. जून 2022 मधल्या ब्रुएन निकालाने पुढचं पाऊल टाकलं. आता बंदुकीवरचं कुठलंही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं का हे पाहायचं, त्याने किती जीव वाचतील हे पाहायचं नाही. त्यामुळे वकील जुनी कागदपत्रं धुंडाळू लागले. एक बाजू ऑस्ट्रियाच्या सैन्याची, 1780 च्या सुमाराची, वीस-बावीस गोळ्यांची हवाई बंदूक दाखवते. दुसरी बाजू मोठ्या सुऱ्यांवरचे आणि घरातल्या बंदुकीच्या दारूच्या साठ्यावरचे एकोणिसाव्या शतकातले कायदे दाखवते. मार्च 2025 मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी कॅलिफोर्नियाचा कायदा वैध ठरवला. बहुमताने म्हटलं की मोठं मॅगझिन हे शस्त्र नसून शस्त्राचं जास्तीचं उपांग आहे. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती व्हॅनडाइक यांनी आपल्या दालनात पिस्तुलं हाताळत चित्रफीत बनवून ती निकालपत्राला जोडली. दोन महिन्यांनी वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या राज्याची मर्यादा उचलून धरली. ऱ्होड आयलंडचं प्रकरण ऐकायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2 जून 2025 रोजी नकार दिला, पण तीन न्यायमूर्तींना ते ऐकायचं होतं. चौथा तयार झाला की हा सगळा पट पुन्हा मांडला जाईल.

2025 अखेर 14 राज्यांनी आणि राजधानीच्या जिल्ह्याने अशी मर्यादा केली आहे. ओरेगॉनमध्ये मतदारांनी 2022 मध्ये तिला कौल दिला, पण 2025 अखेरही ती न्यायालयात अडकलेली होती. या राज्यांत देशाची एक तृतीयांशाहून थोडी अधिक लोकसंख्या राहते. त्यांत न्यू जर्सी आहे, जिथे एडिसनच्या आसपास आपली शेकडो मराठी घरं आहेत. तिथल्या शाळांत वर्गाचं दार लावून, दिवे मालवून, गप्प बसून राहण्याची कवायत नातवंडांकडून होते. आजी-आजोबा सहा महिने राहून परत येतात, तेव्हा ही कवायत त्यांच्या मनातून जात नाही. 2018 मध्ये न्यू जर्सीने आपली 15 ची मर्यादा 10 वर आणली आणि आधीपासूनची मोठी मॅगझिनं घरात ठेवण्यालाही बंदी केली.

ही शेवटची तरतूद माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. नुसती विक्री थांबवली की 1994 ची चूक पुन्हा होते. राज्याने कायदा करायचाच, तर बाळगण्यावरही करावा, डबे परत घेताना पैसे मोजावेत, परत करायला वर्षभराची मुदत द्यावी, आणि शेजारच्या राज्यांशी बोलून सगळ्यांनी एकच आकडा धरावा. एवढं करूनही अमेरिकेतल्या बंदुकीच्या बहुतेक मृत्यूंना या कायद्याचा स्पर्श होणार नाही. 2022 मध्ये तिथे बंदुकीने 48 हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. त्यासाठी एक गोळी पुरते. हे जाणूनही मी या मर्यादेच्या बाजूने आहे, कारण बाजारात, शाळेत, लोकलच्या डब्यात सापडलेल्या माणसाला पळायला तीन सेकंद देणारा दुसरा कायदा मला माहीत नाही.

ज्या राज्यात ती तेरावी गोळी सुटली, त्या अ‍ॅरिझोनात मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा घालणारा कायदा झालेला नाही. 33 गोळ्यांचं मॅगझिन तिथे विकत घेता येतं.